जागा निवडताना साहेबाच्या मनात काय होतं? (मद्रास, चिखलदरा आणि आपलं गाव)

सापनकाठ (धागाकर्ता)

मंडळी, महिनाभर डोक्यात घोळत असलेला प्रश्न मांडतो.

दिवाळीनंतर मुलाकडे चेन्नईला गेलो होतो. त्यानं फोर्ट सेंट जॉर्ज दाखवला. तिथे सोबतच्या एका गृहस्थांनी सांगितलं की १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे नावाच्या माणसानं ही जागा पसंत केली, कारण जवळच्या सान थोमे या पोर्तुगीज वस्तीत त्याची प्रेयसी राहत होती. जाणंयेणं सोपं पडावं म्हणून किल्ला इथे. संध्याकाळी मरीनावर उभा राहिलो तेव्हा तेच डोक्यात होतं. ना खाडी, ना आडोसा, सरळ उघडा किनारा आणि उरावर येणाऱ्या लाटा. मुलगा म्हणाला, "बाबा, जहाजं लावायला कोणी अशी जागा निवडेल का? गोष्ट खरीच असली पाहिजे."

परत आलो आणि पंधरा दिवसांत पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याला जाणं झालं. तिथे दुसरी गोष्ट. हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सननं १८२३ मध्ये हे ठिकाण 'शोधलं', आणि हिरवळ पाहून साहेबांना आपल्या इंग्लंडची आठवण आली म्हणून इथे वस्ती झाली.

एकीकडे प्रेयसी, दुसरीकडे घरची आठवण. एवढ्या मोठ्या वस्त्या, ज्यांनी पुढे लाखो लोकांचं आयुष्य बदललं, त्या खरंच एका माणसाच्या मनातल्या गोष्टीवरून ठरल्या का? की हे नंतर जोडलेलं? जाणकारांनी लिहावं. आपल्या भागातलं काही माहीत असेल तर तेही.

---

वऱ्हाडी_ठेचा

सापनकाठ भाऊ, उन्हाळ्यात परतवाड्याहून घाट चढून वर गेलं अन् गार वारा लागला की मलेही घरची आठवन येत नाई, थेच घर वाटते. रॉबिन्सन साहेबाचं काई चुकलं नाई. 😀

---

पराटी

माझा धंदा कापसाचा, म्हणून कापसाकडूनच बोलतो.

मद्रासच्या बाबतीत प्रेयसीची गरजच नाही. डेनं जो अहवाल दिला त्यात त्या भागातलं कापड इतर ठिकाणांपेक्षा वीस टक्के स्वस्त पडतं असं होतं. वीस टक्के! आमच्याकडे क्विंटलमागे शंभर रुपये जास्त मिळतात कळलं तर कास्तकार गाडी भरून पन्नास किलोमीटर पुढच्या जिनिंगवर जातो. आधी इंग्रजांची वखार आर्मगावला होती, तिथे धंदा धड चालत नव्हता. मसुलीपट्टणला गोवळकोंड्याच्या अंमलदारांचा जाच, पुलिकतला डच बसलेले. मग जिथे विणकर आहेत आणि माल स्वस्त आहे तिथे व्यापारी जाणारच. लाटा असोत की आणखी काही. माल तर मसुला होड्यांतून जहाजापर्यंत नेतच होते, बांधीव बंदर तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झालं. म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं त्या लाटांतूनच व्यापार केला. एवढा त्रास कोणी प्रेयसीसाठी काढत नाही. मालासाठी काढतो.

आपल्याकडेही तेच. खामगावची जलंब फाट्याची रेल्वे सुरू करायला १८७० मध्ये खुद्द लॉर्ड मेयो आला होता. इंग्रजाला खामगाव आवडलं म्हणून नाही आला. अमेरिकेत १८६१ ते ६५ युद्ध झालं, मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हापासून त्यांचा डोळा वऱ्हाडावर होता.

---

जाईजुई

पराटीदादा, मसुला होडी मी पाहिली आहे, चित्रात. लाकडाच्या फळ्या काथ्यानं शिवलेल्या, एकही खिळा नाही, म्हणजे लाट आपटली तरी लवते, फुटत नाही. ती चालवणाऱ्या माणसांच्या जिवावर ते शहर उभं राहिलं.

पण मला वेगळंच खटकतंय. सान थोमेची ती बाई. तिचं नाव काय? कुठल्या घरातली? या गोष्टीत तिला नावच नाही. जागा चुकीची निवडली असं वाटलं की 'बाईपायी' म्हणायचं, ही रीत आपल्याकडेही आहे. माझ्या माहेरी एक विहीर आहे, गावापासून फार लांब. कोणालाही विचारा, पाटलाच्या दुसऱ्या बायकोच्या हट्टापायी तिथे खोदली म्हणतात. माझ्या वडिलांनी मात्र सांगितलं होतं की पाणाड्यानं तीन ठिकाणी दगड दाखवला आणि चौथ्या ठिकाणी पाणी लागलं, ते तिथे. ती बाई मरून साठ वर्षं झाली, ठपका अजून तिच्या नावावर आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा

जाईजुईताई, हे काळजाले लागलं. मघाचं हसू मागं घेतो.

---

निवृत्त_मास्तर

चांगला धागा. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

सापनकाठ, तुम्ही ऐकलेली गोष्ट छापील रूपात ठळकपणे दिसते ती अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश जहाज-कप्तानाच्या प्रवासवर्णनात. ते १७२७ ला प्रसिद्ध झालं, म्हणजे मद्रासची जागा घेतल्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. आता गंमत पाहा. हॅमिल्टननं त्यात फ्रान्सिस डेचं नाव घेतलेलंच नाही. तो म्हणतो, दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पुनरागमनानंतर ज्या गृहस्थाला किल्ला बांधायचा हुकूम मिळाला, तो बहुधा सर विल्यम लँगहॉर्न, त्याची सान थोमेत प्रेमिका होती. दुसरा चार्ल्स गादीवर आला १६६० ला. लँगहॉर्न मद्रासचा कारभारी होता १६७० च्या दशकात. आणि किल्ला उभा राहायला लागला १६४० मध्ये! म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला राजाही चुकीचा, माणूसही चुकीचा. पुढच्या लोकांनी तारखांचा घोळ लक्षात येताच ती प्रेयसी लँगहॉर्नकडून काढून डेच्या पदरात टाकली. गोष्ट तीच राहिली, नायक बदलला.

त्याच हॅमिल्टननं दुसरंही कारण दिलंय, की पोर्तुगीजांचा सान थोमेचा व्यापार बुडवायला ती जागा घेतली. पण ते कमी संभवनीय मानून त्यानं प्रेमाकडे झुकतं माप दिलं. जागा मात्र वाईट आहे यावर तो ठाम होता.

याच माणसानं कोलकात्याबद्दलही असंच लिहिलंय. जॉब चार्नॉकनं १६९० मध्ये हुगळीकाठची ती जागा एका मोठ्या झाडाच्या सावलीसाठी निवडली, आणि याहून रोगट जागा सगळ्या नदीकाठी मिळाली नसती. एका वर्षी तिथे बाराशेच्या आसपास इंग्रज होते, आणि पुढच्या जानेवारीपूर्वी चारशे साठ जणांच्या दफनाची नोंद झाली, असा आकडाही तो देतो. हॅमिल्टन स्वतः खासगी व्यापारी, कंपनीच्या अधिकाऱ्यांवर त्याचा राग होता. तेव्हा साक्षीदार कोण आहे हे पाहूनच साक्ष घ्यावी. माझ्या मते दोन्ही गोष्टी इतिहास म्हणून टिकत नाहीत.

---

पराटी

गुरुजी, दंडवत! लँगहॉर्नची गोष्ट मला माहीतच नव्हती.

आणि कोलकात्यातही कापूस आहेच की. चार्नॉक उतरला त्या गावाचं नाव सुतानुटी. सुताच्या लडींचा हाट भरायचा तिथे. वर नदी खोल, जहाज काठाला येतं, पश्चिमेकडून हल्ला आला तर मध्ये हुगळीचं पात्र आणि पूर्वेला दलदल. सावली मिळाली असेल ती फुकट.

---

माजी_फौजी

पराटी आणि गुरुजी, तुम्ही दोघांनी मन अगदीच बाद केलं. मला ते पटत नाही.

माझी बरीच नोकरी वेलिंग्टनला, उटीच्या जवळ गेली. आता दारव्ह्याकडे शेती करतो. उटीचं उदाहरण घ्या. कोइम्बतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ ला नीलगिरी चढून गेला, १८२२ च्या सुमारास तिथे दगडी घर बांधायला घेतलं. स्टोन हाऊस. स्थानिक तोडा लोकांकडून एकरी एक रुपया दरानं जमिनी घेतल्या. मग तिथे रस्ता झाला, आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम झालं. रस्ता, आरोग्यधाम आणि स्वतःची जमीन एकाच डोंगरावर! मद्रासचा गव्हर्नर लशिंग्टन त्याच्यावर नाराज होता, उटीचा कारभार त्याच्या हातून काढून लष्करी कमांडंटकडे दिला. हे सगळं कागदोपत्री आहे, हॅमिल्टनच्या गप्पा नाहीत.

पण त्याच सलिव्हननं जमीन तोडा लोकांची आहे, सरकारनं त्यांना मोबदला द्यावा अशीही बाजू लावून धरली होती. आणि १८३८ ला त्याची बायको आणि मुलगी तिथेच गेल्या, उटीच्या सेंट स्टीफन चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. मी तिथे उभा राहिलो आहे. जमिनीचा लोभ, हवेची ओढ, घर करायची इच्छा, सगळं एकाच माणसात होतं. यातलं 'खरं' कारण कोणतं, हे तुम्ही कसं वेगळं काढणार?

फौजेत छावणीची जागा पाहताना पाणी, रस्ता, उतार, सगळं लिहून काढतात. आपली कामठी १८२१ ला वसली ती सीताबर्डीच्या लढाईनंतर, कन्हानच्या काठी, नागपूरवर नजर ठेवता येईल अशी. अगदी हिशेबी जागा. पण दोन जागा सारख्याच बऱ्या असल्या की ज्याची सही असते त्याचं मन चालतं. एवढंच म्हणणं आहे.

---

गावठाण

फौजीकाका एकदम बरोबर. माझ्या गावचं सांगतो, गावाचं नाव नको.

पाण्याची नवीन टाकी मंजूर झाली. कागदावर लिहिलं, 'गावातील सर्वात उंच ठिकाण'. उंच ठिकाण दोन आहेत, एक मारुतीच्या देवळामागं, दुसरं एका कारभाऱ्याच्या शेताला लागून. टाकी कारभाऱ्याच्या शेताजवळ झाली. आता त्याच्या संत्र्याच्या बगीच्यापर्यंत बारा महिने ओल राहते, आणि आमच्या खालच्या आळीत नळाला करंगळीएवढी धार येते, तीही पहाटे साडेचारला. माझी आई अजून त्या वेळेला उठून गुंड भरते. फाईल कोणीही काढून पाहा, फाईलीत काही खोट नाही. उंच जागा होतीच!

म्हणून गुरुजींचा आदर ठेवून विचारतो. दोनशे वर्षांनी कोणी आमच्या टाकीचा इतिहास लिहिला तर फाईल पाहून 'उंची' लिहील. आमच्या आळीतली गप्प बसवलेली गोष्ट त्याला 'अफवा' वाटेल. मग खरं कोणाकडं?

---

निवृत्त_मास्तर

गावठाण, प्रश्न बरोबर आहे आणि मला त्यावर सोपं उत्तर नाही. फरक एवढाच करतो, तुमची आई ती धार रोज पाहते आहे. हॅमिल्टननं अठ्ठ्याऐंशी वर्षांनी कानावर आलेलं लिहिलं. साक्ष तोंडी आहे म्हणून मी नाकारत नाही. पण साक्षीदार तिथे होता का, हे विचारतो. तुमच्या आईची साक्ष कोणीतरी आजच लिहून ठेवावी. तुम्हीच लिहा, तारीख घालून.

---

बोरीचं_झाड

वैयक्तिक कारण म्हणजे वाईटच असं का धरायचं?

आमच्या आजोबांनी गावच्या शाळेला दोन एकर जमीन दिली, रस्त्याला लागून, काळी कसदार. बक्षीसपत्रात 'गावच्या मुलांच्या शिक्षणासाठी' असं लिहिलंय. खरं कारण माझी मोठी आत्या. तिचा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेला. आधी शाळा मारुतीच्या पारावर भरायची, मध्ये नाला. आजोबा तिला खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचे. एका पावसाळ्यात दोघंही पडले. त्याच वर्षी जमीन दिली, घराच्या अलीकडची. आत्या सातवी झाली, पुढे अंगणवाडीत लागली. आज त्या शाळेत आजूबाजूच्या तीन वस्त्यांची पोरं येतात. घराच्या ओसरीपासून शाळेच्या फाटकापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत. आत्यानं मोजून ठेवली होती.

---

जाईजुई

बोरीचं झाड 🙏 एकशे चाळीस पावलं.

---

गडफिरस्ता

मूळ प्रश्नातला चिखलदरा मागेच राहिला, तिकडे येतो.

१८२३ चा 'शोध' मला कधीच पटला नाही. इंग्रज-मराठा युद्धातली आडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली आणि १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह. गाविलगड चिखलदऱ्याच्या अगदी शेजारी. त्या वेळी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं गडाच्या उत्तरेकडे, लबाडा गावाच्या बाजूला, डोंगरातून तोफा ओढून नेल्या होत्या. रस्ता नव्हता तिथे रस्ता करत गेले. म्हणजे रॉबिन्सनच्या वीस वर्षं आधी हजारो माणसं, बैल आणि तोफा या पठारावरून गेलेल्या. आणि गड त्याआधीही बहमनींपासून, १४२५ पासून, नांदता. मग रॉबिन्सननं शोधलं म्हणजे नेमकं काय केलं?

माझा अंदाज असा. खाली एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, फौज होती. मे महिन्यात अचलपूर काय तापतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. वर अकराशे मीटरवर गार हवा. आजारी सैनिकाला आणि स्वतःला उन्हाळा काढायला जागा हवी होती. ही गरज शरीराची आहे, इंग्लंडची आठवण नंतरची.

---

मेळघाटची_लेक

इतका वेळ वाचत होते. मी चिखलदरा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. घरी आम्ही कोरकू बोलतो.

'शोधलं' हा शब्द आमच्या घरी कोणी वापरत नाही. ज्या पठारावर आमची माणसं आणि गवळी लोकांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या फिरली, ते कोणाला सापडायचं काय राहिलं होतं? गाविलगडाच्या नावातसुद्धा गवळी आहे असं म्हणतात. चिखलदऱ्याचं नाव भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं, कीचकदरा, यावरून सांगतात. साहेबाच्या कितीतरी आधीपासून त्या दरीला नाव आहे, गोष्ट आहे, भीमकुंड आहे.

दुसरं. पाहुण्यांना गार हवा दिसते, पाणी दिसत नाही. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या बायका हंडे घेऊन उतार उतरतात. साहेब उन्हाळ्यात राहायला आला, तेव्हा त्याचं पाणी कोणीतरी डोक्यावरून आणलं असेल. ते आणणारी कोण होती, हेही जाईजुईताईंच्या त्या बिननावाच्या बाईसारखंच, कोणी लिहिलं नाही.

आणि मद्रासबद्दल एक विचारायचं होतं. जागा निवडणारा तर कळला. जागा देणारा कोण होता? त्याच्या मनात काय होतं?

---

पराटी

ताई, हा प्रश्न आधी मलाच सुचायला हवा होता. प्रत्येक सौद्यात विकणारा असतोच.

जमीन दिली दामर्ला वेंकटप्पा नायकानं, २२ ऑगस्ट १६३९ चं दानपत्र मानतात. त्याच्या वडिलांचं नाव चेन्नप्पा. नव्या गावाला वडिलांच्या नावावरून चेन्नपट्टणम म्हणायचं, हे त्यातूनच आलं, आणि आजचं चेन्नई त्याच्यावरून. त्याला या लोकांकडून व्यापार हवा होता, इराणी घोडे हवे होते. पुलिकतचे डच आणि सान थोमेचे पोर्तुगीज यांच्या मधोमध तिसरा आणून बसवला की दोघंही धाकात.

---

निवृत्त_मास्तर

पराटी, आता नीट पाहा. ज्या इंग्रजाच्या प्रेमाबद्दल तीनशे वर्षं बोललं जातं, त्याच्या प्रेमाचा समकालीन पुरावा नाही. आणि ज्या मुलानं आपल्या बापाचं नाव गावाला दिलं, त्याचं प्रेम आज शहराच्या पाटीवर आहे. वैयक्तिक कारण शोधायचंच तर ते हे. मी मघाशी मन बाद केलं होतं, फौजींचं म्हणणं एवढ्यापुरतं मान्य करतो.

---

माजी_फौजी

गुरुजी, सलाम.

---

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे मद्रास झालं बापाच्या नावानं, शाळा झाली पोरीच्या पायापायी, अन् टाकी झाली संत्र्यापायी. गावठाण भाऊ, तुमच्या मायले सांगा, पहाटे साडेचारची गोष्ट खरंच लिहून ठेवू. मी टाइप करून देतो.

---

गावठाण

हाव भाऊ. रविवारी फोन करतो. आईला विचारलं, ती म्हणे, "कोन वाचन ते?" म्हटलं, हे लोक वाचतील.

---

मेळघाटची_लेक

आज पाचवीच्या वर्गात हाच प्रश्न विचारला. "तुम्हाला नवीन गाव वसवायचं आहे. जागा कशी निवडाल?" खडू हातात देऊन फळ्यावर लिहायला लावलं.

बहुतेकांनी लिहिलं, उन्हाळ्यात झरा आटत नाही तिथं. दोघांनी मोबाइलला रेंज येते तिथं. एकानं अस्वल येत नाही तिथं. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ उभी राहिली. तिच्या ताईचं लग्न यंदा धारणीकडे झालं आहे. तिनं लिहिलं, "ताईच्या गावाजवळ, चालत जाता यावं इतकं."

---

सापनकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मुलाला हा धागा पाठवला. लँगहॉर्नची गोष्ट वाचून त्याचा फोन आला, म्हणाला, बाबा, मीच सगळ्यांना ती प्रेयसीची गोष्ट सांगत सुटलो होतो, आता चेन्नप्पांची सांगतो.

मेळघाटच्या ताई, पुढच्या महिन्यात पुन्हा वर येणं आहे. शाळेचा पत्ता मेसेजमध्ये कळवा. त्या पोरांच्या फळ्याचा फोटो काढला असेल तर तोही जपून ठेवा, पुसू नका म्हणायला मात्र उशीर झाला असेल.

---

मेळघाटची_लेक

पुसला नाही अजून. उद्या गणिताचा तास पाटीवर घेते. या तुम्ही.